शल्योपकरणांचे निर्जंतुकीकरण : ज्ञान आणि वहिवाट यांतील अंतर

१

एकदा वापरलेले शस्त्र दुसऱ्या रुग्णाच्या देहात घालण्यापूर्वी त्याचे काय करावे, हा प्रश्न शल्यचिकित्सेइतकाच जुना आहे. त्याचे प्रयोगसिद्ध उत्तर मात्र १८८१ च्या सुमारास मिळाले. वैद्यकाच्या इतिहासात हा विषय बहुधा तेथेच संपविला जातो. सूक्ष्मजंतू सापडले, वाफेने ते मरतात असे कळले, वाफेची यंत्रे रुग्णालयांत आली आणि शस्त्रे निर्दोष झाली, अशी ती सरळ हकीकत असते. वस्तुस्थिती इतकी सरळ नाही. प्रयोगशाळेत सिद्ध झालेली गोष्ट हत्यार हाताळणाऱ्याच्या अंगवळणी पडेपर्यंत मध्ये वर्षे, क्वचित दशकेही लोटलेली दिसतात. आणि येथे ज्यांचा परामर्श घ्यावयाचा आहे ते अनर्थ त्या मधल्या काळातच घडले आहेत. ज्ञान व वहिवाट यांतील हे अंतर कशामुळे पडले आणि कशाने कमी झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

विवेचनापूर्वी तीन क्रियांतील भेद स्पष्ट केला पाहिजे. हत्यारावरील रक्त, मेद, हाडाचा भुगा इत्यादी मळ काढून टाकणे ही पहिली क्रिया. तिला येथे धावन म्हटले आहे. एखाद्या औषधी द्रव्याने बहुतेक जंतू मारणे हे जंतुनाशन. बीजाणूंसह एकूण एक जंतू नाहीसे करणे हे निर्जंतुकीकरण. बीजाणू म्हणजे प्रतिकूल परिस्थितीत काही जंतू धारण करतात ती कठीण कवचाची सुप्तावस्था. धनुर्वात, काळपुळी व वायुकोथ या रोगांचे जंतू ती धारण करतात. ज्या द्रव्याने इतर जंतू क्षणार्धात मरतात त्यात बीजाणू दिवसचे दिवस तग धरू शकतात. या तीन क्रियांपैकी एकीला दुसरी समजणे, हेच पुढील इतिहासातील बहुतेक प्रमादांचे मूळ होय.

२

प्राचीन ग्रंथांत हत्यारांची काळजी घेण्याविषयी पुष्कळ मजकूर आहे. सुश्रुतसंहितेत १०१ यंत्रे व २० शस्त्रे गणलेली असून शस्त्रांची धार, त्यांचे पाणी देणे आणि त्यांचे दोष यांचा तपशीलवार विचार केलेला आहे. उदराच्या व्रणातून बाहेर आलेली मेदोवर्ती तप्त शस्त्राने छेदावी असे सुश्रुताने सांगितले आहे. आणि शस्त्र तापविलेले नसल्यास पाक होण्याचे, म्हणजे पू धरण्याचे, भय असते असा खुलासा टीकाकार डल्हणाने केला आहे. या उल्लेखावरून प्राचीनांना जंतूंचे ज्ञान होते असे अनुमान काढणे युक्त नव्हे. अनुभवाने हाती लागलेली ती एक विशिष्ट प्रसंगाची रीत होती. कारण अज्ञात असल्यामुळे ती सर्व शस्त्रांना व सर्व प्रसंगांना लागू झाली नाही. पुढील काळात नेमके याच्या उलट घडले, म्हणजे कारण कळले आणि रीत मागे राहिली.

युरोपातील एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतची शल्योपकरणे पाहिली तर ती कारागिरीचे उत्कृष्ट नमुने वाटतात. हस्तिदंताच्या, शिसवीच्या वा कासवाच्या पाठीच्या मुठी, त्यांवरील रेघांची नक्षी, आणि आत मखमल लावलेली लाकडी पेटी. यांतील प्रत्येक वस्तू धुण्याच्या दृष्टीने गैरसोयीची होती. मूठ व पाते यांच्या सांध्यात रक्त मुरे, नक्षीच्या रेघांत ते सुके आणि मखमलीत कायमचे राही. उकळत्या पाण्यात टाकल्यास मूठ तडकून सुटे. हत्यारे शस्त्रक्रियेनंतर पुसली जात, परंतु ती गंज चढू नये म्हणून. रुग्णाच्या दृष्टीने हत्यार पुसण्याची आवश्यकता कोणालाच भासत नव्हती.

१८४७ मध्ये व्हिएन्ना येथे इग्नाझ झेमेलवाइस याने शवविच्छेदन करून प्रसूतिकक्षात येणाऱ्यांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली, तेव्हा त्याच्या कक्षातील मातृमृत्यूंचे प्रमाण काही महिन्यांत शेकडा १८ वरून शेकडा २ च्या आसपास आले. या विचारास त्याला शवविच्छेदनात वापरलेल्या एका चाकूने प्रवृत्त केले होते. त्याचा सहकारी याकोब कोलेच्का याला त्या चाकूची जखम होऊन तो त्याच वर्षी मरण पावला, आणि त्याच्या देहात बाळंतरोगाने मेलेल्या स्त्रियांच्या देहांत दिसणारेच विकार आढळले. झेमेलवाइस १३ ऑगस्ट १८६५ रोजी वारला. त्याच्या आदल्याच दिवशी ग्लासगो येथे जोसेफ लिस्टर याने, हाड मोडून बाहेर आलेल्या एका मुलाच्या पायाच्या जखमेवर कार्बोलिक अम्लाचा प्रयोग केला होता. १८६७ मध्ये त्याने आपली पद्धती प्रसिद्ध केली. तीत हत्यारे शेकडा ५ कार्बोलिकच्या द्रावणात बुडवून ठेवण्यात येत. शस्त्र शुद्ध करावयाचे ते रुग्णासाठी, ही कल्पना येथून रूढ झाली. परंतु ‘बुडविणे म्हणजे शुद्ध करणे’ हा समजही येथूनच रूढ झाला, आणि त्याची किंमत पुढे मोजावी लागली.

३

या समजाला पहिला धक्का रॉबर्ट कॉख याने दिला. त्याने रेशमाच्या धाग्यांवर काळपुळीचे बीजाणू वाळवून ते धागे निरनिराळ्या द्रव्यांत ठेवले व नंतर पोषक माध्यमावर त्यांची वाढ होते की नाही हे पाहिले. १८८१ मध्ये प्रसिद्ध झालेले त्याचे निष्कर्ष धक्कादायक होते. शेकडा ५ कार्बोलिकच्या जलीय द्रावणातही बीजाणू नष्ट होण्यास तास नव्हे तर दिवस लागत होते. आणि तेलात वा मद्यार्कात मिसळलेल्या कार्बोलिकचा त्यांच्यावर काहीच परिणाम होत नव्हता. त्याच वर्षी कॉख व त्याचे सहकारी यांनी उष्णतेचीही परीक्षा घेतली. कोरडी हवा १४० अंश सेल्सियसपर्यंत तापवून ३ तास ठेवावी तेव्हा बीजाणू मरत. १०० अंशांच्या वाहत्या वाफेत तेच काम काही मिनिटांत होई.

या फरकाचे कारण असे. वाफ थंड धातूस लागताच तिचे पाणी होते व त्या क्षणी ती आपली सुप्त उष्णता धातूस देते. शिवाय ओलाव्यात प्रथिने कोरड्या उष्णतेपेक्षा फार लवकर साकळतात. मात्र त्यासाठी वाफेचा प्रत्यक्ष स्पर्श झाला पाहिजे. जेथे हवा कोंडलेली असेल, तेलाचा पापुद्रा असेल किंवा रक्त सुकून खपली झाली असेल, तेथे वाफ पोहोचत नाही.

पाश्चरचा सहकारी शार्ल शांबरलाँ याने १८८० च्या सुमारास दाबाखालील वाफेचे यंत्र प्रयोगशाळेसाठी सिद्ध केले. शस्त्रक्रियागृहात उष्णतेचा पद्धतशीर प्रवेश झाला तो मुख्यतः बर्लिनमध्ये, एर्न्स्ट फोन बेर्गमान व त्याचा सहायक कुर्ट शिमेलबुश यांच्या प्रयत्नाने. शिमेलबुशने १८९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत धातूची हत्यारे शेकडा १ सोड्याच्या पाण्यात ५ मिनिटे उकळण्याची रीत सांगितली आहे. सोड्यामुळे हत्यार गंजत नसे आणि मेद सुटत असे. त्यामुळे धावन व उष्णता या दोन्ही क्रिया एकाच भांड्यात काही अंशी साधल्या जात. उकळण्याने सर्व बीजाणू मरतातच असे नाही, हे आता सर्वमान्य आहे; परंतु हत्यारास इजा न होता ते रोजच्या रोज तापविता येते हे शिमेलबुशने दाखवून दिले. शोधापेक्षा सोय महत्त्वाची ठरण्याचे हे एक उदाहरण होय.

या रीतीने हत्यारांची घडणच बदलली. १८९० नंतर हस्तिदंती व लाकडी मुठी मागे पडल्या. मूठ व पाते एकसंध धातूची झाली, नक्षी गेली आणि चिमट्यांचे खिळे सुटे करता येऊ लागले. निकेलचा मुलामा आला. व १९१३ मध्ये शेफील्ड येथे हॅरी ब्रेअर्ली याने न गंजणारे पोलाद केल्यावर पुढील काही दशकांत तेच शल्योपकरणांचे द्रव्य झाले. हत्यार आता हाताला शोभण्यासाठी घडविले जात नव्हते. ते उकळता यावे म्हणून घडविले जात होते.

४

ज्ञान सिद्ध होऊन २१ वर्षे झाली असतानाही वहिवाट किती मागे होती, याचे अत्यंत शोचनीय उदाहरण हिंदुस्थानातील आहे, आणि त्याचा संबंध मुंबईतील परळच्या प्रयोगशाळेशी येतो. तेथे हत्यार होते ते एक साधा चिमटा.

वाल्डेमार हाफकिन यांनी १८९६ च्या अखेरीस मुंबईत येऊन ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली व १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. १८९९ पासून त्यांची प्रयोगशाळा परळ येथील जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये होती. १९०२ मध्ये पंजाब सरकारने मोठ्या प्रमाणावर लस टोचण्याचे ठरविल्यामुळे मागणी एकदम वाढली. ती पुरी करण्यासाठी हाफकिन यांनी लस बनविण्याची रीत बदलली, आणि नव्या रीतीत लशीत शेकडा अर्धा कार्बोलिक घालण्याची पूर्वीची पद्धत सोडून दिली.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जणांची लस ‘५३-एन्’ या एकाच कुपीतील होती. त्या १९ जणांना सुमारे आठवड्याने धनुर्वाताची लक्षणे दिसू लागली व ते सर्व मरण पावले. उरलेल्यांस काही झाले नाही. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला गेला. कुपी उघडण्यापूर्वीच, म्हणजे मुंबईत, ती दूषित झाली असली पाहिजे, आणि कार्बोलिक वगळणे ही गंभीर चूक होती, असा आयोगाचा निष्कर्ष झाला. हाफकिन यांस पद सोडावे लागले व १९०४ मध्ये ते हिंदुस्थानातून गेले.

परंतु आयोगापुढे आलेल्या पुराव्यातच एक गोष्ट नमूद होती. कुपीचे बूच काढताना सहायकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. त्याने तो ज्योतीवर धरला नाही; कार्बोलिकच्या पाण्यात नुसता खळबळून घेतला आणि त्यानेच बूच काढले. गावातील माती व धनुर्वाताचे बीजाणू यांचा संबंध त्या काळी अज्ञात नव्हता. कार्बोलिकमध्ये क्षणभर बुडविल्याने बीजाणू मरत नाहीत, हेही अज्ञात नव्हते. सर रोनाल्ड रॉस प्रभृतींनी ही गोष्ट उचलून धरली. कुपीत कित्येक आठवडे धनुर्वाताचे जंतू वाढत असते तर लशीस दुर्गंधी आली असती आणि लक्षणेही लवकर दिसली असती, असे त्यांचे प्रतिपादन होते. जुलै १९०७ मध्ये रॉससह दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र प्रसिद्ध करून हाफकिन दोषी ठरत नाहीत असे जाहीर केले. त्याच वर्षी ते दोषमुक्त ठरले व पुढे कलकत्त्यास कामावर आले. मात्र परळच्या प्रयोगशाळेचे प्रमुखपद त्यांना परत मिळाले नाही. १९२५ मध्ये त्या संस्थेस हाफकिन यांचे नाव देण्यात आले.

या प्रकरणाचा विचार सामान्यतः एका शास्त्रज्ञावरील अन्याय म्हणून केला जातो, आणि तो योग्यच आहे. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यात दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. आयोगाने लशीतील कार्बोलिक वगळल्याचा दोष काढला. पण कॉखच्या १८८१ च्या प्रयोगांत शेकडा ५ द्रावणाने जे तत्काळ साधले नव्हते, ते शेकडा अर्ध्या प्रमाणाने बीजाणूंच्या बाबतीत साधले असते असे मानण्यास आधार नव्हता. म्हणजे न्यायनिवाडा करणारेही जुन्या समजाच्याच आधीन होते. दुसरी गोष्ट अशी की दोष शोधणाऱ्यांची दृष्टी प्रथम लशीकडे व प्रयोगशाळेकडे गेली. चिमटा हे लस बनविण्याचे साधन नसल्यामुळे तो कोणाच्याच हिशेबात नव्हता. सहायकाला वैयक्तिक दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही. ज्या वहिवाटीत त्याला शिकविले गेले, तीत बुडविलेले हत्यार शुद्धच मानले जात होते.

५

वाफेचे यंत्र घरात आल्यानेही अंतर मिटले नाही. १९५८ मध्ये इंग्लंडमधील नफील्ड न्यासाने सहा रुग्णालयांतील निर्जंतुकीकरणाच्या प्रचलित पद्धतींची पाहणी प्रसिद्ध केली, तीत गंभीर उणिवा आढळल्या. पुढील वर्षी तेथील वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीने १२१ अंशांस १५ मिनिटे, १२६ अंशांस १० मिनिटे व १३४ अंशांस ३ मिनिटे ही प्रमाणे घालून दिली. १९६३ मध्ये बोवी व डिक यांची चाचणी प्रसिद्ध झाली. कापडाच्या गठ्ठ्याच्या मध्यभागी विशिष्ट चिकटपट्टीची फुली लावून तो वाफेत ठेवतात. फुलीचा रंग सर्वत्र सारखा बदलला नाही, तर गठ्ठ्यात हवा कोंडून राहिली असे समजते. यंत्राची तबकडी उष्णता दाखवीत असली तरी ती हत्यारापर्यंत पोहोचली की नाही हे तबकडीवरून कळत नाही, हा धडा या चाचणीने कायमचा दिला.

नेमक्या याच काळात हाडे पोखरण्याच्या हत्यारांत मोठी क्रांती घडत होती. कवटीस भोक पाडण्याचे दातेरी नळीचे हत्यार फार प्राचीन आहे. हिपॉक्रेटिसच्या नावावरील ग्रंथात ते वारंवार काढून थंड पाण्यात बुडविण्यास सांगितले आहे, कारण घर्षणाने हाड तापते. १९८३ मध्ये प्रयोगांनी असे दिसून आले की ४७ अंशांची उष्णता एक मिनिट लाभली तरी हाडाला इजा होते. यास्तव आजही ड्रिल चालविताना पाण्याची धार धरावी लागते. हाताने फिरवावयाचे गिरमिट साध्या घडणीचे असल्याने ते समूळ उकळता येई. १८७१ मध्ये मॉरिसनचे पायाने चालणारे दंतयंत्र आले, नंतर विजेचे आले आणि १९५७ मध्ये हवेच्या दाबावर फिरणारे अतिवेगवान यंत्र प्रचारात आले. गती वाढत गेली तसतशी हत्याराच्या पोटात चाके, धारवे, वंगण आणि पाण्याच्या बारीक नळ्या आल्या. अस्थिशल्यातील कित्येक ड्रिलांच्या मधोमध तार ओवण्यासाठी आरपार पोकळी असते. म्हणजे १८९० नंतर हत्यारांतून जे सांधे, ज्या फटी व जी गुंतागुंत प्रयत्नपूर्वक काढून टाकण्यात आली होती, तीच ड्रिलच्या रूपाने परत आली. शिवाय गार करण्यासाठी सोडलेले पाणी रक्त व हाडाचा भुगा घेऊन याच फटींत शिरते; आणि वंगणाचा पापुद्रा वाफेस आड येतो.

येथे वहिवाटीने पुन्हा जुनाच मार्ग धरला. दंतवैद्यकात हातातील यंत्र रुग्णागणिक औषधी द्रव्याने पुसून घेण्याची रीत दीर्घकाळ चालू राहिली. यंत्र थांबताच त्यातील नळ्यांत रुग्णाच्या तोंडातील द्रव मागे ओढला जातो, हे दाखविले गेल्यावर १९९२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशी यंत्रे प्रत्येक रुग्णानंतर उष्णतेने निर्जंतुक करावीत अशी शिफारस केली. कॉखच्या निष्कर्षांना तेव्हा १११ वर्षे झाली होती. आजची शिस्त थोडक्यात अशी आहे : वापर होताच हत्यार ओले ठेवावे, रक्त सुकू देऊ नये, सुटे होतील ते सर्व भाग सुटे करावेत, पोकळीतून योग्य जाडीचा ब्रश आरपार न्यावा, धुवावे, वाळवावे, निर्मात्याने सांगितलेले वंगण द्यावे, आणि मग वाफेत घालावे. वाफ न सोसणारी विजेची घटमाला वेगळी ठेवून ती निर्जंतुक आवरणात बसवितात. जेथे शल्यक्रियेचे ड्रिल परवडत नाही अशा काही रुग्णालयांत सुतारकामाचे विद्युत् ड्रिल निर्जंतुक कापडी पिशवीत घालून वापरण्यात येते. ते जसेच्या तसे पुसून वापरण्यापेक्षा हा मार्ग निश्चितच विवेकाचा आहे.

६

धावन ही गौण क्रिया आहे, वाफ सर्व काही निभावून नेईल, ही समजूत अखेर मोडली ती एका अनपेक्षित दिशेने. १९७४ मध्ये झ्यूरिख येथे क्रॉइट्सफेल्ट-याकोब या मेंदूच्या असाध्य रोगाने पीडित असलेल्या रुग्णाच्या मेंदूत घातलेल्या विद्युत्‌शलाका, बेंझिनने पुसून व मद्यार्क आणि फॉर्माल्डिहाइडची वाफ देऊन, नंतर दोन तरुण अपस्मारी रुग्णांसाठी वापरण्यात आल्या. त्या दोघांना तोच रोग झाला, हे १९७७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच शलाका पुढे पुन्हा स्वच्छ करून एका चिंपांझीच्या मेंदूत बसविल्या असता त्यालाही तो रोग झाला. या रोगाचे कारण असलेले विकृत प्रथिन सजीव नसल्याने त्यास ‘मारणे’ या शब्दाला अर्थच उरत नाही. फॉर्माल्डिहाइड ते धातूस उलट घट्ट चिकटविते, आणि नेहमीच्या वाफेनेही ते पूर्ण नष्ट होईल अशी खात्री देता येत नाही. अशा वेळी हत्यारावरील मळ प्रत्यक्ष धुऊन काढणे हाच मोठा आधार उरतो.

मग हत्यार एकदाच वापरून टाकून का देऊ नये? इंग्लंडमध्ये २००१ च्या जानेवारीत टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेसाठी हाच उपाय करण्यात आला. परंतु नव्या हत्यारांमुळे रक्तस्रावाच्या तक्रारी वाढल्याने त्याच वर्षीच्या डिसेंबरात जुनी, पुन्हा वापरावयाची हत्यारे परत आणावी लागली. एका दूरच्या, संभाव्य धोक्यापासून रक्षण करताना प्रत्यक्ष धोका ओढवून घेतला गेला. यावरून एकदाच वापरावयाची हत्यारे सर्वत्र त्याज्य ठरत नाहीत. परंतु धुण्याच्या कष्टातून सुटण्याचा मार्ग म्हणून ती स्वीकारली तर त्यांचीही किंमत मोजावी लागते, एवढे निश्चित.

७

वरील विवेचनाचे तात्पर्य सांगावयाचे तर असे. ज्ञान आणि वहिवाट यांतील अंतर केवळ उपदेशाने कमी झालेले दिसत नाही. ज्या ज्या वेळी ते कमी झाले, त्या त्या वेळी ज्ञानाला एखादे दृश्य व सोपे रूप मिळालेले होते : सोड्याचे उकळते पाणी, एकसंध धातूची मूठ, सुटा होणारा खिळा, रंग बदलणारी चिकटपट्टी. आणि ज्या ज्या वेळी ते वाढले, त्या त्या वेळी हत्याराची घडण पुढे गेली आणि ते धुणाऱ्याचा विचार मागे राहिला. मुलकोवालच्या १९ माणसांचा जीव घेणारा चिमटा निर्जंतुक करण्यास एक ज्योत व काही क्षण पुरेसे होते. ज्योत अपरिहार्य आहे असे मानणारी वहिवाट मात्र तेथे नव्हती. शस्त्रवैद्याचे नाव रुग्णाला ठाऊक असते. हत्यार धुणाऱ्याचे नसते. शल्यचिकित्सेच्या इतिहासकाराने तरी या दुसऱ्या हाताकडे आजवर झाले त्याहून अधिक लक्ष द्यावयास हवे.